आठ वर्षांच्या मुलीचे लॅटिन: घरी काय आणि किती करून घ्यावे?

टाइनकाठची

नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकासलजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची असून यंदा इयर फोरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने तिसरीत आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक परकी भाषा शिकवणे २०१४ पासून बंधनकारक झाले आहे, आणि ती भाषा आधुनिकच असली पाहिजे अशी अट नाही. बहुतेक शाळा फ्रेंच किंवा स्पॅनिश घेतात. आमच्या शाळेने मात्र, तिथल्या एका शिक्षिकेला मनापासून गोडी असल्यामुळे, लॅटिन घेतले आहे. आठवड्याला चाळीस मिनिटांचा एकच तास असतो. पुस्तक बार्बरा बेल यांचे 'मिनिमुस', रोमन छावणीत राहणाऱ्या एका कुटुंबाचे आणि त्यांच्या घरातल्या उंदराचे. मुलगी खूश आहे. पहिल्याच दिवशी दारातून आत येताना तिने दप्तर खाली टाकले आणि मला 'साल्वे', म्हणजे नमस्कार, म्हणून हाक घातली.

अडचण माझी आहे. शनिवारी तिचा मराठीचा वर्ग असतो, रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही मराठी वाचन करतो, आणि तेही ओढूनताणूनच होते. यजमानांचे म्हणणे असे की, जिला अजून 'मी भात खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांत गोंधळ होतो, तिच्यावर मेलेल्या भाषेचे ओझे कशाला. शाळेत होईल तेवढे होऊ दे, घरी त्याचे नावही काढू नये. मला तितके टोकाचे वाटत नाही, परंतु माझा स्वतःचा अनुभव आड येतो. आठवी ते दहावी मी संस्कृत घेतले, 'देव' आणि 'माला' झोपेतही चालवता येत असत, दहावीला उत्तम गुण मिळाले, आणि त्या तीन वर्षांत एकही ओळ मी आनंदाने वाचल्याचे मला आठवत नाही. मुलीच्या बाबतीत तेच घडू नये असे वाटते.

तेव्हा घरी काही करून घ्यावे का, घ्यावे तर किती, आणि त्यामुळे तिच्या मराठीला धक्का तर लागणार नाही ना, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. मला स्वतःला लॅटिनचा गंध नाही.

शब्दचालक

ताई, मी लंडनच्या दक्षिणेकडील एका प्राथमिक शाळेत सहा वर्षे लॅटिन शिकवले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपली काळजी रास्त आहे, पण ती उलट्या दिशेने आहे असे मला वाटते. लॅटिनमुळे मराठीला धक्का लागण्याऐवजी मराठीमुळे लॅटिन सोपे जाते, आणि ते सोपे जाताना मुलाला आपल्या घरातल्या भाषेकडे प्रथमच नीट पाहावेसे वाटते. माझ्या वर्गातील इंग्रज मुलांना सर्वांत अवघड जाणारी गोष्ट म्हणजे वाक्यात कोण काय करतो हे शब्दांच्या जागेवरून ठरत नाही, ही होय. इंग्रजीत कुत्रा आणि मांजर यांची अदलाबदल केली की पाहणारा आणि पाहिला जाणारा बदलतो. लॅटिनमध्ये तसे नसते. 'कनिस् फेलेम् विदेत्' म्हणा, नाहीतर 'फेलेम् कनिस् विदेत्' म्हणा, कुत्राच मांजराला पाहतो, कारण 'फेलेस्'चे 'फेलेम्' झाले तेव्हाच तिचे कर्मपण ठरले. इंग्रज मुलाला हे समजावण्यात माझे तीन तास जात. आपल्या मुलीला फक्त इतकेच विचारा: 'कुत्रा मांजराला पाहतो' आणि 'मांजराला कुत्रा पाहतो' यांत कोण कोणाला पाहतो? ती हसेल आणि हा काय प्रश्न झाला असे म्हणेल. 'ला' प्रत्यय तिच्या तोंडात दोन वर्षांची असल्यापासून आहे.

क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची लॅटिनची सवय ही दुसरी गोष्ट. इथल्या माध्यमिक शाळांत १९७० पासून चालत आलेला जो प्रसिद्ध केंब्रिजचा अभ्यासक्रम आहे, त्यात पॉम्पेईतला कैकिलिउस नावाचा सावकार सुरुवातीलाच बागेत बसलेला भेटतो: 'कैकिलिउस् इन् होर्तो सेदेत्'. त्यातला 'इन्' तेवढा बागेच्या मागे न्या, की 'कैकिलिउस बागेत बसतो' हे मराठी वाक्य त्याच क्रमाने तयार होते. इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदे लॅटिनमध्ये नाहीत, आपल्याकडेही नाहीत. लिंगे तीन आहेत, आपल्याकडेही तीनच, आणि विशेषण त्यांच्याप्रमाणे बदलते: चांगला, चांगली, चांगले तसे बोनुस्, बोन, बोनुम्. (दिवाळीला हातात पडतो तो बोनस हाच, पुल्लिंगी 'चांगला'.) आपण ज्या 'भात खाल्ला, पोळी खाल्ली'बद्दल लिहिले आहे, त्या गोंधळावर मुलीला कोणी नियम सांगितला तर ती कंटाळेल, पण लॅटिनमध्ये विशेषणाचे शेपूट नामाशी जुळवण्याचा खेळ खेळताना तिला एक दिवस आपणहून कळेल की असे काहीतरी आई घरी रोज करत असते.

आता किती करावे. माझे मत स्पष्ट आहे: आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे, आणि शाळेच्या पुढे कधीही जाऊ नये. मुलगी शाळेत जे शिकून आली तेच घरी तिने आपल्याला शिकवायचे. आपल्याला लॅटिन येत नाही, हे इथे आपले मोठेच भांडवल आहे. ते लपवू नका. मी पालकांना कागदाच्या चिठ्ठ्या करायला सांगत असे. एका चिठ्ठीवर कर्ता, एकीवर कर्म, एकीवर क्रियापद, आणि त्या फ्रिजवर लोहचुंबकाने लावायच्या. येता-जाता कोणीतरी त्यांचा क्रम बदलायचा आणि मुलीने अर्थ बदलला की नाही ते सांगायचे. एका घरात आजोबांनी 'फेलेम्'मधला 'म्' कापून दुसऱ्या चिठ्ठीला चिकटवला आणि सकाळी उठल्यावर मुलाला मांजर कुत्र्याकडे पाहताना दिसले. तो मुलगा कर्म हा विषय आयुष्यात विसरणार नाही.

चिठ्ठ्या देवनागरीत लिहा, असेही सुचवेन. लॅटिनमध्ये स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ अवलंबून असतो, आणि रोमन लिपीत ते दिसत नाही म्हणून पाठ्यपुस्तके अक्षरांवर आडव्या रेघा देतात, ज्यांकडे कोणतेही मूल पाहत नाही. देवनागरीत ते डोळ्यांसमोर येते: 'लिबेर्' म्हणजे पुस्तक आणि 'लीबेर्' म्हणजे स्वतंत्र; 'पुएल्ल' म्हणजे मुलगी आणि 'पुएल्ला' म्हणजे मुलीकडून. आपल्या ए आणि ओ यांना ऱ्हस्व रूप नाही, तेवढी एक पंचाईत आहे. रोजची पाच मिनिटे देवनागरी लिहून झाली, हा यातला छुपा लाभ यजमानांना सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. पुस्तकांच्या दुकानातून विभक्तींचा तक्ता आणून भिंतीवर लावू नका. लॅटिन नामांचे पाच गण आहेत आणि नेहमीच्या विभक्ती सहा. आठव्या वर्षी त्यांतल्या दोन, फार तर तीन, पुरेशा होतात. आपल्या 'देव'-'माला'चा दोष पाठांतराचा नव्हता. चालवलेला शब्द वाक्यात चालताना कधी दिसलाच नाही, हा तो दोष होता.

राइनकाठी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी थोडे थंड पाणी ओतण्याची परवानगी असावी.

आम्ही जर्मनीत, कोलोनजवळ राहतो. इथे गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाणाऱ्या मुलांपुढे साधारण सहावी-सातवीत दुसऱ्या परकीय भाषेचा प्रश्न येतो आणि लॅटिन की फ्रेंच यावर घराघरांत वाद होतात. लॅटिनच्या बाजूने दरवेळी तीच वाक्ये ऐकू येतात: डोके तल्लख होते, तर्कशुद्ध विचार येतो, पुढच्या सर्व भाषा सोप्या जातात. आम्हीही तीच ऐकून थोरल्याला लॅटिन दिले. नंतर मी थोडे वाचले. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी शालेय विषयांचा बुद्धीवर काय परिणाम होतो हे मोठ्या प्रमाणावर तपासून १९२४ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात लॅटिनला काही खास स्थान मिळाले नाही. जी मुले मुळात हुशार ती लॅटिन घेत, म्हणून लॅटिन हुशार करते असा भास होत होता. पुढे २००३ मध्ये लुडविग हाग आणि एल्सबेथ श्टेर्न यांनी जर्मन विद्यार्थ्यांचे दोन गट घेतले, एक शाळेत लॅटिन शिकलेला आणि एक फ्रेंच शिकलेला, आणि दोघांना स्पॅनिश शिकवून चाचणी घेतली. फ्रेंचवाले पुढे गेले. स्पॅनिश शिकायची असेल तर स्पॅनिशच्या जिवंत बहिणीचा उपयोग तिच्या आजीपेक्षा अधिक होतो, हे ऐकल्यावर उघडच वाटते, पण त्याआधी कोणाला वाटत नव्हते.

माझा थोरला आता नववीत आहे. त्याला सीझरचे गॉलमधील युद्धाचे वर्णन वाचताना मजा येते, नकाशे काढतो, रोमन लोकांनी आमच्याच गावाला 'कोलोनिया' हे नाव ठेवले याचा त्याला अभिमान आहे. धाकटीने फ्रेंच घेतले आणि ती सुट्टीत स्ट्रासबुर्गला गेल्यावर आमच्या सर्वांच्या वतीने जेवण मागवते. दोघांत कोणाची बुद्धी अधिक तल्लख झाली हे आम्हाला कळलेले नाही. तेव्हा ताई, मुलीला उंदराची गोष्ट आवडते म्हणून लॅटिन करू द्यावे. डोक्याला धार येईल म्हणून करून घेऊ नये. आणि शनिवारच्या मराठीच्या वर्गातून एक मिनिटही त्यासाठी काढू नये, कारण मराठी ही आपल्या आईवडिलांशी बोलायची भाषा आहे, ती दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार नाही.

शब्दचालक

राइनकाठी यांचे म्हणणे मला मान्य आहे. मीही बुद्धीच्या लोभाने कधी शिकवले नाही. त्यांच्या मुद्द्याला इंग्लंडची एक बाजू जोडतो, कारण ती आधी माहीत असलेली बरी. अकराव्या वर्षी मुलगी माध्यमिक शाळेत गेली की तिथे आधुनिक भाषा सक्तीची असते, आणि लॅटिन बहुधा संपतेच. २०२१ मध्ये सरकारने जे आकडे दिले होते, त्यांप्रमाणे अकरा ते चौदा वर्षांच्या गटात सरकारी शाळांपैकी जेमतेम २.७ टक्के शाळांत लॅटिन होते आणि खाजगी शाळांत ४९ टक्के. ही दरी कमी करण्यासाठी ४० लाख पौंडांची एक योजना काढली, २०२२ मध्ये चाळीस शाळांतून ती सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच, तिचे पैसे बंद झाले. ज्या मुलांनी अर्धे पुस्तक संपवले होते त्यांच्या शिक्षकांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. म्हणून आपल्या मुलीचे लॅटिन तीन वर्षांचे आहे असे धरून चालावे, आणि तीन वर्षांत गोष्टी वाचता आल्या तर ते पुष्कळ झाले.

वसईचा पाऊस

उच्चारांबद्दल एक सूचना. आमचे आजोबा वसईच्या चर्चमध्ये लहानपणी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पाद्रींच्या हाताखाली असत. १९६०च्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली, त्याआधी सर्व लॅटिनमध्येच चाले. आजोबांना शेवटपर्यंत सगळी उत्तरे तोंडपाठ होती आणि अर्थ विचारला की ते म्हणत, "देवाला कळतो." त्यांचा 'पातेर नोस्तेर', म्हणजे 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना, मी ऐकून ऐकून शिकलो, आणि पुढे मुंबईला महाविद्यालयात एका वर्गात म्हणून दाखवला, तेव्हा प्राध्यापकांनी मला पहिल्याच ओळीला थांबवले. आजोबा स्वर्गाला 'चेलिस्' म्हणत, प्राध्यापक 'कैलिस्' म्हणत. दोन्ही बरोबर आहेत: एक चर्चचा, इटालियन वळणाचा उच्चार, दुसरा सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळचा, अभ्यासकांनी पुन्हा उभा केलेला, ज्यात सिसेरो स्वतःच 'किकेरो' होतो. इंग्लंडच्या शाळांत सहसा हा दुसरा चालतो. यूट्यूबवरची गाणी मात्र पुष्कळदा पहिल्या उच्चारात, विशेषतः अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती पालकांसाठी केलेली असतात. मुलीला गाणी लावून देण्याआधी एवढे ऐकून घ्यावे, नाहीतर शाळेत एक आणि घरी एक असे होऊन बिचारी रडकुंडीला येईल.

जाता जाता: 'व'चा जुना उच्चार ओठ गोल करून होत असे. इंग्रज मुलांना तो हास्यास्पद वाटतो. आपल्या 'वारा'तला 'व' जसाच्या तसा वापरला तर कोणी हसणार नाही.

सदाशिव पेठी मास्तरीण

मी संस्कृत शिकवते, लॅटिन थोडे फार वाचले आहे. आपण मुलीला संस्कृतशी नाते दाखवायला सुरुवात कराल, आणि जरूर करावी, कारण 'पतेर्, मातेर्, फ्रातेर्' ऐकून पितृ, मातृ, भ्रातृ आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. दन्त आणि 'देन्तेम्', नाम आणि 'नोमेन्', विधवा आणि 'विदुअ', अग्नी आणि 'इग्निस्', उंदराला 'मूस्' आणि मूषक. अस्ति-सन्तिच्या जागी 'एस्त्-सुन्त्'. रोमच्या राजमुद्रेवर 'सेनातुस् पोपुलुस्क्वे रोमानुस्' (सिनेट आणि रोमन जनता) असते, त्यातला शब्दाच्या शेपटाला चिकटणारा 'क्वे' म्हणजे आपला 'च'. 'रामो लक्ष्मणश्च'मध्ये तो जसा दुसऱ्या नावाला चिकटतो तसाच तिथेही. इंग्रज संस्कृत-अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात जे सांगितले, ते मात्र मुलीलाही नीट सांगावे: या भाषा एकाच, आता न उरलेल्या मुळातून आल्या. लॅटिन संस्कृतातून निघालेले नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण व्हॉट्सॲप. सप्टेंबर म्हणजे 'सप्त अंबर', ऑक्टोबर म्हणजे 'अष्ट अंबर' हा संदेश मला वर्षातून चार वेळा येतो. अंबराचा यात काही संबंध नाही. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असे, म्हणून सातव्या महिन्याला 'सेप्तेम्'वरून नाव पडले; सेप्तेम् आणि सप्त हे चुलत भाऊ, एवढेच. सारखे दिसणारे सगळे नातलग नसतात, हेही मुलांना लवकर कळावे. लॅटिन 'दिएस्' म्हणजे दिवस आणि इंग्रजी 'डे' यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि 'दिएस्'चा आपल्या 'दिवसा'शी मात्र आहे.

शब्दचालक यांच्या 'ला'बद्दल एक लहानशी शंका नोंदवते. मराठीत कर्म निर्जीव असले की 'ला' गळतो: 'मुलगी दगड पाहते'. आणि भूतकाळात कर्त्यालाच 'ने' लागून क्रियापद कर्माच्या मागे जाते: 'मुलीने आंबा खाल्ला'. लॅटिनमध्ये दगडालाही 'म्' लागतो आणि कर्ता भूतकाळातही प्रथमेत राहतो. तेव्हा सुरुवातीला सजीव कर्मे आणि वर्तमानकाळ एवढ्यावरच भागवावे, म्हणजे मुलीच्या मराठीने दिलेला आधार मध्येच निसटणार नाही.

टाइनकाठची

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहिते आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटेना.

चिठ्ठ्या फ्रिजवर आहेत. देवनागरीत. पहिल्या आठवड्यात मुलीने मला शिकवले, दुसऱ्या आठवड्यात यजमानांनी रात्री गुपचूप 'म्'ची जागा बदलली आणि सकाळी विचारले नाही तरी स्वतःच सांगितले. मराठीचे वाचन पूर्वीइतकेच ओढूनताणून होते, त्यात काही चमत्कार घडलेला नाही, पण परवा ती 'मांजर दूध पिते' वाचताना थांबली आणि "दुधाला 'ला' का नाही?" असे विचारती झाली. मास्तरीणबाई, आपले उत्तर तयार होते म्हणून निभावले.

शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत आम्ही विंडोलँडा या जुन्या रोमन छावणीच्या जागी गेलो. इथून तासाभराचा रस्ता, रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीच्या किंचित दक्षिणेला. १९७३ पासून तिथल्या ओल्या, हवा न पोहोचणाऱ्या मातीत शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत, पोस्टकार्डाएवढ्या आणि कागदासारख्या पातळ. मिनिमुसच्या गोष्टीतले कुटुंब खरेच तिथे होते, छावणीचा प्रमुख फ्लावियुस केरिआलिस आणि त्याची पत्नी लेपिदिना, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. इ.स. १००च्या सुमारास क्लाउदिया सेवेरा नावाच्या मैत्रिणीने लेपिदिनाला आपल्या वाढदिवसाचे बोलावणे पाठवले, ११ सप्टेंबरचे. मूळ पट्टी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पत्र लेखनिकाने लिहिले आहे, पण शेवटच्या ओळी सेवेराच्या स्वतःच्या, जरा वेड्यावाकड्या अक्षरांत आहेत, आणि त्यांत ती लेपिदिनाला 'सोरोर्' म्हणते, 'अनिम मेअ', म्हणजे माझा प्राण, म्हणते. मुलीला 'सोरोर्' येत होते. "बहीण," ती म्हणाली, "पण खरी नाही, आपण शेजारच्या काकूंना ताई म्हणतो तशी." त्यावर मला काही सुचवावे लागले नाही.

परत आल्यावर शाळेत त्यांना लॅटिनमध्ये घरच्या कोणाला तरी शुभेच्छापत्र करायचे होते. हिने नाशिकच्या आजीला केले आणि वर 'साल्वेते' लिहिले. बाईंनी त्याखाली रेघ मारून 'साल्वे' असे दुरुस्त केले, कारण आजी एकच आहे आणि लॅटिनमध्ये एका माणसाला, मग तो सम्राट का असेना, एकवचनच. मुलीने घरी येऊन मला विचारले की आजीला 'ये' म्हणायचे की 'या'. मी 'या' म्हटले. तिने पत्र तसेच ठेवले आहे, रेघेसकट, आणि ते उद्याच्या टपालाने नाशिकला जाते आहे.